वाचकांचे प्रश्न : कर्नल एक, प्रोसेसर अनेक

या अंकासाठी निवडलेले प्रश्न डेबियन किंवा त्यावर बेतलेल्या लिनक्सवर स्वतः कर्नलचं (म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचं) पॅकेज बांधणाऱ्यांचे आहेत. कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत; टर्मिनलवर अर्थातच मूळ रोमन स्पेलिंगने टाकायच्या.

प्रश्न : इंटेलच्या लॅपटॉपवर आर्म६४ (६४ बिट आर्म प्रोसेसर) बोर्डासाठी कर्नलची .डेब पॅकेजं बांधली. बोर्ड नीट बूट होतो. पण वायफायचा बाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएसने (कर्नलबाहेरची मॉड्यूलं बांधून देणारं साधन) बांधायला गेलो की ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येते. कंपायलर तर बोर्डावरचाच आहे. मग चुकतंय कुठे?

कंपायलर बरोबर आहे, हेडरचं पॅकेज चुकीचं आहे. बाहेरचं मॉड्यूल बांधताना नुसत्या .एच फायली पुरत नाहीत. ‘फिक्सडेप’ आणि ‘मॉडपोस्ट’ असे छोटे प्रोग्रॅमही चालवावे लागतात, आणि ते हेडरच्या पॅकेजमध्ये ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरात येतात. तुम्ही लॅपटॉपवर बिल्ड केलंत तेव्हा हे प्रोग्रॅम लॅपटॉपसाठी बनले आणि जसेच्या तसे पॅकेजमध्ये जाऊन बसले. खात्री करायची तर बोर्डावर ‘फाइल स्क्रिप्ट्स/मॉड/मॉडपोस्ट’ चालवा. उत्तरात ‘एक्स८६-६४’ दिसलं की संशय मिटला.

उपाय दोन. अलीकडच्या कर्नल सोर्समध्ये ‘मेक बाइंडेब-पीकेजी’ (.डेब पॅकेज बनवणारी कमांड) वरचे छोटे प्रोग्रॅम लक्ष्य आर्किटेक्चरसाठी, म्हणजे बोर्डाच्या प्रोसेसरसाठी, पुन्हा बांधते, पण त्यासाठी त्या आर्किटेक्चरची ओपनएसएसएल लायब्ररी लॅपटॉपवर हवी. आधी ‘डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आर्म६४’, मग ‘एपीटी अपडेट’, मग ‘लिबएसएसएल-डेव्ह:आर्म६४’ आणि ‘क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्म६४’ टाका. जुना सोर्स असेल तर सरळ आर्म६४ मशीनवरच बिल्ड करा. वेळ जास्त लागेल, पण भानगड उरणार नाही. डेबियनची अधिकृत पॅकेजं त्या त्या आर्किटेक्चरच्या मशीनवरच बांधली जातात आणि हे प्रोग्रॅम ‘लिनक्स-केबिल्ड’ नावाच्या वेगळ्या पॅकेजमधून येतात. म्हणून तिथे ही अडचण कधी दिसत नाही.

क्रॉस बिल्डची (एका प्रोसेसरच्या मशीनवर दुसऱ्यासाठी बांधण्याची) ओळ अशी : ‘मेक आर्च=आर्म६४ क्रॉस_कंपाइल=एआर्च६४-लिनक्स-जीएनयू- बाइंडेब-पीकेजी’. ‘जीएनयू’नंतरची शेवटची आडवी रेघ गाळली तर मेक ‘एआर्च६४-लिनक्स-जीएनयूजीसीसी’ नावाचा कंपायलर शोधत बसतं. आणि ‘आर्च=’ प्रत्येक मेकला द्यायचं, फक्त शेवटच्या बिल्डला नाही. मधेच कुणी ते न देता ‘मेक मेनूकॉन्फिग’ उघडून सेव्ह केलं की आर्म६४ ची .कॉन्फिग फाइल (कर्नलचे निवडलेले पर्याय इथे असतात) चुपचाप एक्स८६ ची होते. फाइलची तिसरी ओळ वाचायची सवय लावून घ्या. तिथे ‘लिनक्स/आर्म६४’ हवं, ‘लिनक्स/एक्स८६’ दिसलं तर बिल्ड सुरूच करू नका.

प्रश्न : आमची स्क्रिप्ट ‘युनेम -एम’ बघून योग्य कर्नल पॅकेज उतरवते. काही रास्पबेरी पायवर ती चुकीचं पॅकेज मागते. का?

कारण एकाच प्रोसेसरला तीन ठिकाणी तीन नावं आहेत. डेबियनचं ‘एएमडी६४’ हे युनेमच्या लेखी ‘एक्स८६_६४’ आणि कर्नल सोर्सच्या लेखी नुसतं ‘एक्स८६’. डेबियनचं ‘पीपीसी६४ईएल’ युनेममध्ये ‘पीपीसी६४एलई’ होतं (शेवटची दोन अक्षरं उलटी, डोळ्यांना पटकन दिसतच नाहीत), तर सोर्समध्ये ‘पॉवरपीसी’. ‘आर्मएचएफ’ म्हणजे ‘आर्मव्ही७एल’ म्हणजे ‘आर्म’. ‘आर्म६४’ म्हणजे युनेमचं ‘एआर्च६४’.

तुमच्या पायवर त्याच्याही पुढची गंमत आहे. कर्नल ६४ बिटचा आणि त्यावरची सगळी सिस्टीम ३२ बिटची, अशी जोडी रास्पबेरी पाय ओएसच्या ३२ बिट आवृत्तीत सर्रास आढळते. युनेम कर्नलबद्दल सांगतं, पॅकेजांबद्दल नाही. पॅकेज निवडायचं असेल तर ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ला विचारा.

प्रश्न : आम्ही चार आर्किटेक्चरसाठी कर्नल सांभाळतो. ६.६ वरून ६.१२ वर जाताना चारही कन्फिग फायली ‘ओल्डडेफकॉन्फिग’मधून काढल्या. बिल्ड झालं, पण एका आर्म बोर्डाला रूट डिस्क सापडत नाही. एवढ्या मोठ्या फायलींत फरक शोधायचा कसा?

‘ओल्डडेफकॉन्फिग’ हे काम उरकणारं हत्यार आहे, तपासणारं नाही. नवा पर्याय आला की त्याची मूळ किंमत धरतं आणि विचारत नाही. पर्यायाचं नाव बदललं असेल, किंवा तो ज्यावर अवलंबून आहे ते नव्याने वेगळं चालू करावं लागत असेल, तर जुनी ओळ गळून पडते आणि तेही सांगत नाही. बहुतेक वेळा घात होतो तो या दुसऱ्या प्रकारात.

क्रम असा ठेवा. जुनी .कॉन्फिग बाजूला कॉपी करा. ‘मेक आर्च=आर्म लिस्टन्यूकॉन्फिग’ चालवून नव्या पर्यायांची यादी वाचा. मग ‘ओल्डडेफकॉन्फिग’. त्यानंतर ‘स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग जुनी नवी’. याच्या उत्तरात अधिक चिन्हाच्या ओळी नव्या, त्यांची घाई नाही. आधी वजा चिन्हाच्या सगळ्या ओळी बघा, मग बाण असलेल्या, विशेषतः ‘वाय’चं (कर्नलमध्येच) ‘एम’ (वेगळं मॉड्यूल) किंवा ‘एन’ (बंद) झालेल्या. प्रत्येक वजा ओळीचं कारण सापडलंच पाहिजे.

त्याहून चांगलं म्हणजे चार पूर्ण फायली सांभाळणंच सोडा. डेबियनच्या कर्नल पॅकेजमध्ये ‘डेबियन/कॉन्फिग’खाली सर्वांसाठी एक फाइल असते, मग आर्किटेक्चरची, मग लागेल तिथे प्रकाराची, आणि प्रत्येकीत फक्त स्वतःचा फरक. फाइलसिस्टीम, सीग्रुप, नेटफिल्टर, मॉड्यूलवरच्या सह्या हे सगळं सामाईक फाइलमध्ये. पेजचा आकार, सीरियल कन्सोल, प्रोसेसरच्या चुकांवरचे उतारे, क्लॉक आणि रेग्युलेटरचे ड्रायव्हर हे आर्किटेक्चरच्या फाइलमध्ये. स्वतःच्या छोट्या मांडणीत हे तुकडे जोडायला सोर्समधली ‘मर्ज_कॉन्फिग.एसएच’ पुरते. मात्र तिला ‘-एम’ लावू नका. ‘-एम’ने ती तुकडे नुसते एकापुढे एक चिकटवते. ते न लावता चालवली तर कन्फिग पूर्ण करून शेवटी मागितलेली किंमत आणि प्रत्यक्षात मिळालेली किंमत ताडून बघते आणि न मिळालेल्या पर्यायांची नावं छापते. ही यादी रिकामी नसेल तर बिल्ड थांबवायचं, असा नियम आपल्या स्क्रिप्टमध्येच घाला. ‘आर्च’ एक्स्पोर्ट करायला विसरू नका.

आता तुमचा बोर्ड. आर्म बोर्डावर एसडी कार्डाचा ड्रायव्हर असूनही रूट सापडत नाही, तेव्हा दोष बहुधा कार्डाला वीज देणाऱ्या रेग्युलेटरच्या किंवा पॉवर चिपच्या ड्रायव्हरचा असतो. तो ‘वाय’चा ‘एम’ झाला आणि इनिटरामएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी सिस्टीम) आला नाही, तर कार्डाचा ड्रायव्हर त्याची वाट बघत बसतो. इनिटरामएफएसच्या शेलमध्ये उतरा, डीबगएफएस माउंट करा आणि ‘/सिस/कर्नल/डीबग/डिव्हायसेस_डिफर्ड’ वाचा. कोण कुणासाठी ताटकळतंय ते तिथे कळतं.

प्रश्न : स्वतः बांधलेल्या कर्नलचं इनिटरामएफएस शेकडो एमबीचं होतं, /बूट भरून जातं. डिस्ट्रोचं तर एवढं नसतं.

तुमची मॉड्यूलं डीबगच्या माहितीसकट आत गेली आहेत. बिल्डच्या ओळीत ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ जोडा. जागा वाचवायला ‘मॉड्यूल्स=डेप’ (फक्त लागणारीच मॉड्यूलं घ्या) करण्याचा मोह टाळा, निदान दुसऱ्या मशीनसाठी इमेज बनवत असाल तर नक्कीच. चरूटमध्ये (दुसऱ्या सिस्टीमच्या फोल्डरात शिरून काम करताना) ते समोरच्या मशीनचं हार्डवेअर बघून मॉड्यूलं निवडतं, बोर्डाचं नाही.

प्रश्न : रास्पबेरी पाय ५ वर जुना डेटाबेस सुरूच होत नाही, ‘अनसपोर्टेड सिस्टम पेज साइज’ म्हणतो. तोच बायनरी पाय ४ वर चालतो. दोन्ही आर्म६४ च ना?

दोन्ही आर्म६४ च, पण आर्म६४ कर्नलचं मेमरी पेज (मेमरी ज्या तुकड्यांत वाटली जाते तो तुकडा) ४, १६ किंवा ६४ केबीचं असू शकतं आणि ते बिल्डच्या वेळीच ठरतं. पाय ५ वर रास्पबेरी पाय ओएसची ६४ बिट आवृत्ती मुळात ‘कर्नल_२७१२.आयएमजी’ घेते, त्याचं पेज १६ केबीचं. ‘गेटकॉन्फ पेजसाइज’ चालवा, १६३८४ येईल. तुमची तक्रार जेमॅलॉक या मेमरी लायब्ररीची आहे. ती ४ केबी गृहीत धरून बांधली गेली असणार. आजची गरज भागवायची तर ‘कॉन्फिग.टीएक्सटी’त ‘कर्नल=कर्नल८.आयएमजी’ लिहून रीबूट करा. कायमचा इलाज म्हणजे जेमॅलॉक ‘--विथ-एलजी-पेज=१६’ देऊन पुन्हा बांधणं; तो ६४ केबीपर्यंतच्या सगळ्या कर्नलवर चालतो. इतर बायनरींवर ‘रीडएल्फ -एल’ मारून लोड ओळींचं अलाइनमेंट बघा. ०x१००० असेल तर १६ केबीवर ते लोडच होणार नाही.

एक गोष्ट हमखास विसरली जाते : स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. स्वॅपची खूण पहिल्या पेजच्या शेवटी लिहिलेली असते, त्यामुळे पेजचा आकार बदलला की ती भलत्याच जागी सापडते आणि ‘स्वॅपऑन’ नकार देतं. ‘एमकेस्वॅप’ पुन्हा करावं लागतं.

पॅकेज सांभाळणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं की त्याच नावाच्या पॅकेजमध्ये पेजचा आकार कधीच बदलू नये. डेबियन १३ मध्ये १६ केबीसाठी ‘लिनक्स-इमेज-आर्म६४-१६के’ वेगळं आहे, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये ‘कर्नल-६४के’ वेगळं.

प्रश्न (सांगली) : शाळेच्या लॅबमध्ये डेबियन १२ ची ३२ बिट मशीनं आहेत. डेबियन १३ वर न्यायची, पण आय३८६ चा कर्नलच दिसत नाही.

दिसणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये आय३८६ साठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. ३२ बिट पॅकेजं उरली आहेत ती ६४ बिट सिस्टीमवर जुने प्रोग्रॅम चालवण्यापुरती. आधी प्रत्येक मशीनवर ‘ग्रेप -डब्ल्यू एलएम /प्रॉक/सीपीयूइन्फो’ चालवा. ओळ आली तर प्रोसेसर ६४ बिटचा आहे, सिस्टीम उगाच ३२ बिटची टाकलेली होती. कोअर २ च्या मशीनवर येईल, ॲटम एन२७० वर येणार नाही.

ओळ आली की डेटा बाहेर काढून एएमडी६४ नव्याने इन्स्टॉल करा. चालू सिस्टीमवर ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४:एएमडी६४’ टाकून ३२ बिट सिस्टीमखाली ६४ बिट कर्नल चालवता येतो, तपासणीला ते ठीक आहे. पण डीकेएमएसची मॉड्यूलं तिथे अडतात आणि १३ वर जाण्याचा प्रश्न तसाच राहतो. ओळ आली नाही, तर ते मशीन १२ वरच ठेवायचं.

प्रश्न (पुणे) : सी-डॅकच्या ‘वेगा’ प्रोसेसरचा एरीज बोर्ड आहे. रिस्क-व्ही आहे, तर डेबियनचा रिस्कव्ही६४ कर्नल त्यावर चढेल का?

नाही. त्यातली ‘तेजस३२’ चिप ३२ बिटची मायक्रोकंट्रोलर आहे आणि तिची एसरॅम २५६ केबी. डेबियनच्या कर्नलला ६४ बिटचा, एमएमयू (मेमरीचे पत्ते सांभाळणारा भाग) असलेला प्रोसेसर लागतो. रिस्क-व्हीवर लिनक्स शिकायचं तर क्यूएमू या आभासी मशीन बनवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून सुरुवात करा.

प्रश्न : क्यूएमूमध्ये आर्म६४ कर्नल चालवला की पडदा रिकामाच राहतो, एक अक्षरही येत नाही.

पहिला संशय प्रोसेसरवर. ‘क्यूएमू-सिस्टम-एआर्च६४’ला ‘-एम व्हर्ट’ दिलं आणि ‘-सीपीयू’ दिलं नाही, तर ते कॉर्टेक्स-ए१५ धरतं, आणि तो ३२ बिटचा. ६४ बिट कर्नल त्यावर काहीही न बोलता मरतो. ‘-सीपीयू कॉर्टेक्स-ए७२’ द्या. दुसरा संशय कन्सोलच्या नावावर, कारण ते आर्किटेक्चरगणिक बदलतं : आर्म६४ च्या व्हर्टवर ‘टीटीवायएएमए०’, एक्स८६ आणि रिस्क-व्हीवर ‘टीटीवायएस०’, पॉवरच्या पीसिरीजवर ‘एचव्हीसी०’. तरीही शांतता असेल तर कर्नलच्या ओळीत ‘अर्लीकॉन’ जोडा.

क्यूएमूत पास झालेला कर्नल खऱ्या बोर्डावर पास होईलच असं नाही. व्हर्ट मशीनची डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन; .डीटीबी फायलींत तेच असतं) क्यूएमू स्वतः बनवून देतं, तुमच्या पॅकेजमधल्या .डीटीबी फायलींना तिथे हातही लागत नाही. निदान एका बोर्डावर, सीरियल केबल जोडून, प्रत्येक आवृत्ती बूट करूनच ती इतरांना द्या.