कण्हेर, बिट्टी आणि मधला तो ‘ह’

प्रश्न आला आहे : बिट्टी म्हणजेच पिवळी कण्हेर का, आणि ‘कन्हेर’ असं लिहिलं तर चालतं का?

नाही चालत. रोपवाटिकांच्या पाट्यांवर ‘कन्हेर’ वाचून वाचून जीव विटला आहे. या शब्दातला ण कमावलेला आहे. मूळ संस्कृत ‘करवीर’. बाराव्या शतकात जैन पंडित हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात या एका शब्दासाठी स्वतंत्र सूत्र दिलं : ‘करवीरे णः’. करवीरातल्या पहिल्या र चा ण होतो आणि शब्द बनतो ‘कणवीर’. एका झुडपासाठी अख्खं सूत्र! त्याचंच पुढे कणेर झालं. हिंदी ‘कनेर’वर थांबली. मराठीत मात्र ह शिरला.

तो आला कुठून? ‘खाल्ली की माणूस कण्हतो, म्हणून कण्हेर’ ही व्युत्पत्ती चांगले शिकलेले लोकही छातीठोकपणे सांगतात. झाड विषारी आहेच, अमरकोशात त्याला ‘हयमारक’, म्हणजे घोडा मारणारं, म्हटलं आहे. पण करवीर समोर उभा असताना कण्हण्याकडे वळायचं कारणच काय? माझ्या मते हा ह कृष्णाच्या घरचा आहे. कृष्णाचं प्राकृतात ‘कण्ह’ होतं, त्यातूनच कान्हा, कान्होबा. मराठी जिभेवर हा ‘कण्ह’ इतका रुळलेला, की कणेरही त्याच वळणावर गेली. मुंबईच्या कान्हेरी लेण्यांचं नाव कण्हेरीच्या झाडांवरून पडलं असंही सांगतात. साफ चूक. तिथल्या शिलालेखांत डोंगराचं नाव ‘कण्हसेल’ आहे, म्हणजे कृष्णशैल, काळा डोंगर. त्यात फुलाचा काही संबंध नाही. त्या नावातला ह अस्सल वारशाचा, कण्हेरीतला मागून चिकटलेला.

राहिली बिट्टी. कुळ एकच, झाडं वेगळी. तिला ‘पीतकरवीर’ म्हणणाऱ्या वैद्यकाच्या पुस्तकांशी माझं भांडण आहे. बिट्टी मेक्सिकोकडची. १४९२ साली कोलंबस अमेरिकेला पोचण्यापूर्वी इथल्या कुठल्या वैद्याने ती पाहिली होती? शिवाय फिकट पिवळ्या फुलांची खरी कण्हेरही असते, मग तिला काय म्हणायचं? फुलाच्या रंगावर जाऊ नका, पान बघा. कण्हेरीची पानं बहुधा एका पेरावर तीन-तीन येतात, बिट्टीची एकेक, अरुंद आणि चकचकीत. कण्हेरीला लांब शेंगा धरतात, बिट्टीला हिरवी, टणक, गोटीसारखी फळं. ती फळं पोरांच्या हाती लागू देऊ नका, आतलं बी जीव घेतं.