अभ्यासाची लाज वाटून घेऊ नकोस

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

"जगात एवढं सगळं चाललं असताना परीक्षेची तयारी करायची लाज वाटते," असं तू लिहिलंस. ही लाज तुझ्या चांगुलपणातूनच आली आहे, म्हणून ती मी हसण्यावारी नेणार नाही. पण तिचं ऐकून पुस्तक मिटू नकोस.

संकट आलं की माणूस म्हणतो, हे एकदा निभावू दे, मग नीट जगू. शिक्षण, लग्न, रुसलेल्या भावाशी बोलणं, सगळं लांबणीवर पडतं. सगळीकडे आलबेल आहे असा काळ मात्र इतिहासात शोधूनही फारसा सापडत नाही. जी वर्षं वाट्याला आली, त्यांतच सगळं करायचं असतं.

दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४१ मध्ये रशियातल्या लेनिनग्राडला जर्मन फौजांचा वेढा पडला, तो जानेवारी १९४४ मध्ये उठला. उपासमारीनं लाखो माणसं गेली. त्याच शहरात वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी देशोदेशींहून जमवलेल्या बियाण्यांचा संग्रह होता. खुद्द वाविलोव तुरुंगात होते आणि १९४३ मध्ये तिथंच गेले. त्यांचे सहकारी मात्र कामावर येत राहिले. उंदरांपासून पाकिटं राखायची, बटाट्याचे वाण थंडीनं गोठू द्यायचे नाहीत, हेच काम. तांदळाचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इव्हानोव भुकेनं गेले, तेव्हा तांदळाची हजारो पाकिटं शाबूत होती.

एवढा त्याग मी तुझ्याकडे मागत नाही; कुणीच कुणाकडे मागू नये. मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. ही माणसं युद्धाआधी जे काम करत होती, तेच करत राहिली. बॉम्ब पडताहेत म्हणून बियाणं बिनमहत्त्वाचं झालं, असं त्यांना वाटलं नाही. युद्ध संपल्यावर पेरायला बी लागलंच. उद्या शिकलेली माणसंही लागतील.

बातम्या दिवसातून एकदा पाहा, अंथरुणात तर मुळीच नको. मध्यरात्री मृतांचे आकडे वाचून कुणाचा जीव वाचत नाही. तुझी झोप तेवढी जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याचा राग घरच्यांवर निघतो. सकाळची प्रार्थना मन लागत नाही म्हणून सोडली आहेस, ती मन न लागताही कर. आणि मित्रांत हसू आलं तर मोकळेपणानं हस, त्यानं कुणाच्या दुःखाचा अपमान होत नाही.

मात्र नेहमीसारखं जगणं म्हणजे डोळे झाकून घेणं नव्हे. साऱ्या जगाचं ओझं तुला पेलणार नाही, पण एका माणसाचं थोडं हलकं करता येईल. कुणाची नोकरी गेली असेल, कुणी घरात एकटं असेल. हे वाचताना ज्याचं नाव मनात आलं, त्याला आजच फोन कर, आणि काय हवं-नको ते स्पष्ट विचार.