पहिल्यांदा सायकलच्या ग्रुप राइडला जाताय?

वेगाची चिंता सोडा. चालवताना न अडखळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तोच योग्य वेग. सगळे धापा टाकत गप्प चालवणार असतील, तर एकटं गेलेलं काय वाईट?

सगळ्यात जपायचं ते पुढच्याचं मागचं चाक. तुमचं पुढचं चाक त्याच्या बाजूला जाऊ देऊ नका. तो जरा सरकला आणि चाकं घासली, तर हँडल ताब्यात राहत नाही आणि बहुतेक वेळा पडतो तो मागचाच. नवख्यांनी एका सायकलच्या लांबीइतकं तरी अंतर ठेवावं. उतारावर बरंच जास्त. खड्डा दिसला की हात दाखवा, हात सोडणं जमत नसेल तर ओरडा. इअरफोन घरीच.

सर्वांत मागे एक अनुभवी माणूस ठरवून ठेवा, त्याच्या मागे कुणीच राहायचं नाही. चढ संपला की थांबा. इथे हमखास एक चूक होते: मागचा पोहोचला रे पोहोचला की बाकीचे निघतात, म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. त्याला पाच मिनिटं द्या.

आपल्या टायरच्या मापाची ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या) आणि पंप स्वतःजवळ ठेवा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट जपून फिरवा. काटा तिथेच राहिला तर दुसरीही जाते. मदतीला कुणी बसलं तर नको म्हणू नका, निम्म्या ओळखी पंक्चर काढतानाच होतात.