‘रोजा’ शब्द कोणाचा?

‘ज्यू लोकांच्या उपवासाला काय चालते आणि काय चालत नाही? आणि त्याला उपवासच म्हणावे, की मराठीत दुसरा शब्द आहे?’ असे एका वाचकाने विचारले आहे. योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, ‘ज्यूंची एकादशी’ म्हणणारे आणि त्या दिवशी निदान फळे, दूध तरी चालत असेल असे गृहीत धरणारे मला इतक्यांदा भेटले आहेत, की आता राहवत नाही. या घोटाळ्याचे मूळ ‘उपवास’ या शब्दातच आहे. मराठी घरात उपवास म्हटला की साबुदाणा, वरई, शेंगदाणे, रताळी हे सारे त्या शब्दाबरोबर चालत येते. ज्यूंच्या उपवासाला अशी यादीच नाही. अन्न वर्ज्य आणि पाण्याचा घोटही वर्ज्य.

दुसरा शब्द मराठीत आहे, आणि तो मराठी बोलणाऱ्या ज्यूंनीच रुळवलेला आहे: रोजा. कोकणातले हे ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या ३ तारखेच्या, यहूदाचा सुभेदार गदल्या याच्या हत्येची आठवण ठेवणाऱ्या उपवासाला ‘नव्याचा रोजा’ म्हणत, आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक करण्याच्या आव महिन्याच्या ९ तारखेला ‘बिरड्याचा रोजा’. ‘रोजा हा मुसलमानांचा शब्द, तो ज्यूंना लावू नये’ असे बजावणाऱ्या जाणकारांचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. ज्या समाजाने आपल्या प्रार्थनागृहालाही मशीद म्हटले आणि एलूल महिन्यातल्या उपवासांना रमजान म्हटले, त्या समाजाचा शब्द त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार कोशकाराला कोणी दिला?

शिवाय हा शब्द अरबी नाही, फारसी आहे. ‘रोज पाळायचा तो रोजा’ ही नेहमी ऐकू येणारी व्युत्पत्तीही चुकीची आहे. फारसीत ‘रोझ’ म्हणजे दिवस. आपले रोज, रोजनिशी, रोजंदारी त्यातूनच आले, आणि दिवसभर पाळायचा तो रोजा. पण खरी गंमत याच्या मागे आहे. अवेस्तात, म्हणजे पारश्यांच्या धर्मग्रंथात, ‘रओचह्’ म्हणजे प्रकाश, प्राचीन फारसीत ‘रौचह्’ म्हणजे दिवस, आणि संस्कृतातला ‘रुच्’ हा प्रकाशण्याचा धातू त्यांचा सख्खा भाऊ. या धातूचा अर्थ प्रकाशण्यावरून आवडण्याकडे आणि तिथून जिभेकडे सरकला, आणि आपल्याला ‘रुची’ मिळाली. म्हणजे ज्या मुळापासून इकडे जिभेची चव आली, त्याच मुळापासून तिकडे जिभेला काहीही न लावण्याच्या दिवसाचे नाव आले. रोजा आणि रुची या सख्ख्या चुलत बहिणी आहेत, हे प्रथम ध्यानात आले तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती.

यावर आक्षेप येईल, की बिरड्याचा रोजा तर आदल्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, सुमारे २५ तास चालतो, मग त्याला ‘दिवसाचा’ कसे म्हणावे? पण ज्यूंचा दिवस सूर्यास्तालाच सुरू होतो, त्यामुळे रात्र धरूनही तो एकच रोझ ठरतो. गदल्याचा उपवास मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंतचा. तेवेतची १० तारीख, एस्तेरचा उपवास आणि तम्मूजची १७ तारीख यांचेही तसेच. या चार दिवसांत फक्त खाणेपिणे वर्ज्य असते. स्नान करता येते, चामड्याचे जोडे घालता येतात.

‘बिरडे’ या शब्दाविषयी माझा एक तर्क आहे आणि तो मी सोडणार नाही. ज्यूंच्या परंपरेत मसूर हे शोकाचे अन्न आहे, कारण मसुराला जसे तोंड नाही तसे शोकाकुल माणसालाही बोलायला तोंड उरत नाही, असे तल्मूद हा ज्यूंचा जुना धर्मग्रंथ सांगतो. आवच्या उपवासाआधीच्या जेवणात मसूर खाण्याची रीत धर्मग्रंथांत नोंदलेली आहे. कोकणात त्या मसुराची जागा भिजवून, मोड आणून, सोललेल्या वालांनी, म्हणजे बिरड्याने, घेतली असावी.

योम किप्पूरला मात्र बेने इस्रायल रोजा न म्हणता ‘दारफळणीचा सण’ म्हणत, कारण त्या दिवशी दारे बंद करून घरात राहण्याची रीत होती. ‘फळणी’त मला दुकान बंद करताना लावायच्या फळ्या दिसतात. या दिवशी आणि आवच्या ९ तारखेला पाच गोष्टी वर्ज्य आहेत: खाणेपिणे, अंग धुणे, अंगाला तेल लावणे, चामड्याचे पायताण आणि समागम. म्हणून योम किप्पूरला सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, पांढऱ्याशुभ्र पोशाखाखाली कापडी जोडे दिसतात. योम किप्पूरला शब्बाथसारखे, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसासारखे, सारे काम बंद असते. आवच्या ९ तारखेला तोराचे, म्हणजे धर्मशास्त्राचे, अध्ययनही वर्ज्य, कारण त्याने मनाला आनंद होतो, फक्त विलापगीते आणि ईयोबासारखे दुःखाचे ग्रंथ वाचता येतात.

राहिला ‘चालते’चा प्रश्न. सुमारे १८०० वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्ना या ज्यूंच्या नियमग्रंथात योम किप्पूरला किती खाल्ले की दोष लागतो याचे माप आहे: मोठ्या खजुराएवढे, बीसकट. आजाऱ्याला मात्र जाणकारांच्या सांगण्यावरून भरवावे, आणि जाणकार जवळ नसतील तर त्याच्या स्वतःच्या शब्दावर, तो ‘पुरे’ म्हणेपर्यंत.