तीन अँटिबायोटिक्स झाली, ताप हटत नाही

ताई, मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांमागे सापडलेलं मांजराचं तीन महिन्यांचं पिल्लू, महिनाभर येणारा-जाणारा ताप, मधूनच पातळ शी, तीन अँटिबायोटिक्स झाली आणि शीची तपासणी 'नॉर्मल'. चौथं औषध कोणतं, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, आधी वही.

रोज सकाळी खायला घालण्याआधी वजन करा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्टीलचा डबा ठेवा, काटा शून्यावर आणा, मग त्यात पिल्लू. या वयात आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढायला हवेत. शेजारी ताप लिहा. मांजराचं नॉर्मलच १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०१ बघून घाबरू नका. थर्मामीटर डिजिटल, टोकाला व्हॅसलीन, गुदद्वारातून. कानाला हात लावून ताप कळत नाही.

आमच्या साताऱ्याच्या पिल्लाचं, गुंड्याचं, दुखणं वहीमुळेच कळलं. खायचा राक्षसासारखा, पण अकरा दिवस काटा ६४० वरून हलेना. शीचे दोन नमुने स्वच्छ, तिसऱ्यात जिआर्डिया! हा परजीवी रोज शीतून पडेलच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन ताजे नमुने द्यायचे. (पहिला नमुना मी दुपारपर्यंत गाडीच्या डिकीत शिजवला होता, त्यात काय दिसणार, कपाळ!) तेव्हा एका 'नॉर्मल' रिपोर्टवर विसंबू नका.

पण जिआर्डियात सहसा ताप नसतो. तुमच्याकडे आहे, आणि अँटिबायोटिकला दाद देत नाही. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा, 'एफआयपी असू शकतो का?' एफआयपी म्हणजे फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस. मांजरांच्या आतड्यात सर्रास आढळणारा एक कोरोना विषाणू (आपल्या कोविडचा नव्हे) थोड्या मांजरांत बदलतो आणि हा आजार होतो, बहुतेक दोन वर्षांखालच्यांत. कोरोनाची अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून एफआयपी ठरत नाही. रक्तात अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन या प्रथिनांचं गुणोत्तर बघायला सांगा: ०.४ च्या खाली असेल तर संशय वाढतो, ०.८ च्या वर असेल तर बराच कमी होतो. पोटात पाणी झालंय का, तेही बघून घ्या. त्याच वेळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि ल्युकेमिया-एफआयव्ही या मांजरांच्या दोन विषाणूंची किट टेस्ट उरका. हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर पिसवा आणि रक्तातले जंतू यांचंही विचारा.

काही वर्षांपूर्वीपर्यंत एफआयपी म्हणजे संपलंच, असं समजायचे. आता जीएस-४४१५२४ नावाचं औषध आहे, नेहमीचा कोर्स ८४ दिवसांचा. डोस वजनावर ठरतो, म्हणून ती वही तेव्हाही लागेल. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

तोवर पॅरासिटामॉल थेंबभरही नको, मांजर मरतं. कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिनवालं औषध नको. आणि सांगलीत राहून हे म्हणणं म्हणजे पाप, पण हळद-दूधही नको, दुधाने जुलाब वाढतात.

गावात निदान लागलं नाही तर खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी फोन करून जा. सगळे रिपोर्ट आणि वही सोबत न्या, नाहीतर तिथेही पहिल्या अँटिबायोटिकपासून सुरुवात होईल.

'झोपवावं का', म्हणजे इंजेक्शन देऊन सुटका करावी का, हे शेवटी हळूच विचारलंत. माझ्या दुसऱ्या पिल्लाचं, चिंगीचं, निदान शेवटपर्यंत झालंच नाही. पण वाटी वाजली की ती उठून यायची, तोवर मी तो विषय काढला नाही. तुमचं अजून वाटीपाशी येतं ना?