कॉम्प्युटरमध्ये चाळीस, रॅकवर छत्तीस : मुलीनं नेमकं काय शिकावं?

पत्र : आमचं इंदूरच्या दवा बाजारात औषधांच्या घाऊक वितरणाचं दुकान आहे. मुलगी बी.कॉम. कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे इन्फर्मेशन सिस्टिम्स हा विषय घेऊन एमबीए करायचं म्हणते. दोन वर्षांपूर्वी तिच्याच आग्रहानं मी दुकानात सॉफ्टवेअर बसवलं. पैसे गेले, मुनीमजी वैतागले, आणि आजही कॉम्प्युटरमधला माल रॅकवरच्या मालाशी जुळत नाही. माल कमी भरला तेव्हा मी रॅकवरच्या मुलाचा पगारही कापला. म्हणून मी वही सोडलेली नाही. ज्या गोष्टीनं माझं काम दुप्पट केलं, तिच्यात मुलीनं आयुष्य घालावं का? त्यात आता एआय आलंय. आणि शिकायचंच असेल तर इंदूर सोडावं लागेल का? - एक वडील

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

मुलीला हा विषय जरूर घेऊ द्या. मात्र एमबीएचा फॉर्म भरण्याआधी तिला तीन महिने दुकानात बसवा. गल्ल्यावर नको, तुमचा मेळ जिथे बसत नाही तिथे बसवा. का, ते सविस्तर सांगते.

कॉम्प्युटर एखाद्या गोळीचे चाळीस खोके दाखवतो आणि रॅकवर छत्तीसच भरतात, तेव्हा आपण सॉफ्टवेअरला नावं ठेवतो. बहुतेक वेळा सॉफ्टवेअरनं बेरीज-वजाबाकी बरोबरच केलेली असते. घोडं पेंड खातं ते दुसरीकडे. संध्याकाळी दवा बाजारात काय चालतं ते तुम्ही रोज पाहता. मेडिकलवाल्याचा फोन येतो, माल लगेच हवा असतो, मुलगा खोका उचलून स्कूटरवर टाकतो आणि 'बिल बाद में बना देंगे' म्हणून निघून जातो. ते बिल दुसऱ्या दिवशी निघतं, किंवा राहूनच जातं. कंपनीची दहावर एक फुकट अशी स्कीम असते. माल अकरा येतो, नोंद दहाची होते. एका खोक्यात दहा स्ट्रिप असतात. 'दहा' लिहिताना एक जण स्ट्रिप धरतो, दुसरा खोके.

सगळ्यात चिवट भानगड बॅचची, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या मालाला कंपनी देते त्या नंबराची. बिल करणाऱ्यानं पडद्यावर पहिली दिसली ती बॅच निवडली, माल काढणाऱ्यानं रॅकवर हाताला लागली ती बॅच दिली. एकूण नग बरोबर, बॅच उलटसुलट. कित्येक महिने कुणाला पत्ता लागत नाही. मग एक्स्पायरीचा माल कंपनीला परत करायची वेळ येते. कॉम्प्युटर म्हणतो ही बॅच केव्हाच विकली गेली, आणि ती तर तुमच्या हातात असते. नुकसान तुमच्या खिशातून.

यातली एकही चूक कोडिंगची नाही. माल उतरवून घेणारा मुलगा, नोंद करणारे मुनीमजी, बिलाशिवाय माल हलवायचा की नाही हा तुमचा नियम, ते सॉफ्टवेअर आणि शेवटी त्यातले आकडे पाहून ऑर्डर देणारे तुम्ही, हे सगळं मिळून तुमच्या धंद्याची इन्फर्मेशन सिस्टिम होते. तुम्ही त्यातला एकच भाग विकत आणलात, बाकीचे होते तसेच राहिले. दुकानदारांना सॉफ्टवेअर विकणारी माणसं ही गोष्ट सांगत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

वहीबद्दल थोडं कटू लिहिते. तुमचं काम दुप्पट झालं ते वही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू राहिल्यामुळे. घाईचा व्यवहार वहीत, निवांतपणाचा कॉम्प्युटरमध्ये, असं झालं की दोन्ही अर्धवट राहतात. एखादा रविवार धरा, दुकान बंद ठेवून बॅचसकट सगळा माल मोजा, तो आकडा कॉम्प्युटरमध्ये घाला आणि त्या दिवसापासून बिलाशिवाय एकही स्ट्रिप बाहेर जाऊ देऊ नका. मुनीमजींना सोबत घेऊन हे करा, त्यांच्या डोक्यावर बसून नको. कोणता मेडिकलवाला दिलेल्या तारखेला पैसे देतो आणि कोण झुलवतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. ती माहिती सिस्टिममध्ये यायला हवी.

आता फायद्याचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, काही जीवरक्षक औषधांवरचा तर शून्य झाला. तुमच्याकडे हजारो नावांचा माल असणार. प्रत्येक बिलावर हातानं नवा दर लावायचा म्हटलं असतं तर मुनीमजींचे हाल झाले असते. सॉफ्टवेअरमध्ये मालाच्या मूळ यादीत, म्हणजे आयटम मास्टरमध्ये, दर एकदा बदलला की पुढची सगळी बिलं आपोआप नव्या दरानं निघतात. पण तोटाही याच ठिकाणी आहे. मास्टरमध्ये एखाद्या औषधाचा दर चुकीचा पडला, तर त्या औषधाचं प्रत्येक बिल चुकतं, आणि छापील बिलावर कुणी शंका घेत नाही. हातानं लिहिताना चूक एका बिलापुरती राहते.

बाकीचे फायदे तुम्हाला ठाऊक आहेत : येत्या तीन महिन्यांत कोणत्या बॅचची मुदत संपते त्याची यादी, उधारी कुणाकडे किती दिवसांची झाली, कोणता माल पडून आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे, त्यात बॅच आणि मुदतीची तारीख असते. निदान त्या मालापुरती तरी बॅच वाचून टाइप करायची गरज उरलेली नाही. तुमच्याकडे स्कॅनर नसेल तर मुलीला पहिलं काम हेच द्या.

तोट्यांकडे मात्र मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण या क्षेत्रातलं चांगलं काम तिथेच आहे.

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसनं १९९९ पासून होरायझन नावाची हिशोबाची सिस्टिम आणली. लहान लहान टपाल कार्यालयं चालवणाऱ्या माणसांच्या खात्यात त्या सिस्टिमला तूट दिसू लागली. ती माणसं सांगत होती, आम्ही पैसे घेतलेले नाहीत. पण कॉम्प्युटर चुकत नाही असं धरलं गेलं. नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशोब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवण्यात आलं. कुणी तुरुंगात गेलं, कुणाचं दिवाळं निघालं. सिस्टिममध्येच दोष होते हे २०१९ मध्ये न्यायालयानं मान्य केलं आणि २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तुमच्या पत्रात एका ओळीत आलंय की माल कमी भरला तेव्हा तुम्ही रॅकवरच्या मुलाचा पगार कापलात. कृपा करून तसं पुन्हा करू नका. आधी फरक कुठून आला ते शोधा. चाळीस आणि छत्तीसमधले चार खोके त्या मुलानं नेले असतीलच असं नाही. ते कधी आलेच नसतील आणि नोंद मात्र झाली असेल.

दुसरं उदाहरण घरचं. २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेचा तेरा हजार कोटींहून मोठा घोटाळा उघड झाला. परदेशी बँकांना हमी कळवणारी स्विफ्ट ही संदेशव्यवस्था आणि बँकेची मुख्य हिशोबाची कोअर बँकिंग सिस्टिम एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. मुंबईतल्या एका शाखेतून हमीचे संदेश गेले, पण कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच नव्हती. म्हणून ती देणी बँकेच्या पुस्तकांत दिसत नव्हती. माणसं अप्रामाणिक होती हे खरंच, पण दोन सिस्टिममध्ये फट होती म्हणून त्यांचं इतकी वर्षं निभावलं. तुमची वही आणि कॉम्प्युटर यांच्यात तशीच फट आहे. सुदैवानं तिच्यातून अजून फक्त खोकेच गळतायत.

तिसरी गोष्ट बॅकअपची. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाला कितीतरी दिवस हातानं कागदावर काम करावं लागलं. तुमच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप कुठे आहे ते आज विचारा. बऱ्याच दुकानांत तो त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर असतो. मशीन गेलं की दोन्ही गेले.

आता करिअर. आकड्यांत फरक का पडला हे शोधून काढणारी, आणि तो पुन्हा पडू नये म्हणून कामाची पद्धत बदलायला लोकांना राजी करणारी माणसं कमी आहेत. निव्वळ कॉम्प्युटर शिकलेल्याला धंदा कळत नाही, निव्वळ कॉमर्सवाल्याला डेटाबेस म्हटलं की धडकी भरते. तुमची लेक दोन्हींच्या मध्ये उभी राहू शकते. तिला पुढे बिझनेस अ‍ॅनालिस्ट, ईआरपीमध्ये (म्हणजे खरेदी, विक्री, हिशोब असा सगळा धंदा एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) फंक्शनल कन्सल्टंट, आयटी ऑडिट अशा वाटा आहेत. एक सावधगिरी : जाहिरातीत 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह' असं पद दिसलं तर काम नीट विचारून घ्यावं. पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ दिवसभर एक्सेलमध्ये रिपोर्ट भरणं एवढाच असतो. वर्षभर शिकण्यापुरतं ठीक, तिथेच मुक्काम नको.

एआय नेमकं हेच रिपोर्ट भरण्याचं काम आधी खाणार. पण चुकीच्या बॅचवर शिकवलेलं एआय चुकीचीच ऑर्डर सुचवतं, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासानं. बिल न करता माल गेला हे त्याला कोण सांगणार? ज्यांना आकड्याचा उगम माहीत आहे त्यांनी एआयची धास्ती घ्यायचं कारण नाही. मुलीनं ते रोज वापरावं, पण त्याचा ताळा स्वतः करावा.

इंदूर सोडायची सक्ती नाही. देवी अहिल्या विश्वविद्यालयात आयएमएस आणि आयआयपीएस या एमबीए शिकवणाऱ्या दोन्ही संस्था आहेत. तिथले अभ्यासक्रम आणि त्या वर्षीची प्रवेशाची पद्धत विद्यापीठाच्या सूचनेतून वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. कॅटची तयारी करायची असेल तर आयआयएमही आपल्याच गावात आहे, मात्र तिथल्या जागांसाठी सगळा देश धावतो. एमसीए आता दोन वर्षांचं आहे, पण त्यासाठी बारावीला किंवा पदवीला गणित असलेलं बरं. तिचं गणित नव्हतं तर त्या त्या संस्थेची अट आधी पाहून घ्या. कामासाठीही लांब जायला नको : सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आहेत, आणि पीथमपूरला औषधांचे, गाड्यांचे कारखाने आहेत, जिथे बॅचची नोंद म्हणजे काय हे कळणाऱ्या माणसाची किंमत असते. ऑडिटकडे ओढा दिसला तर आयटी ऑडिटची सीसा (CISA) ही परीक्षा आहे. परीक्षा आधी देता येते, पण प्रमाणपत्रासाठी साधारण पाच वर्षांचा अनुभव लागतो, शिक्षणामुळे त्यात काही सूट मिळते. म्हणून ती आता नको, नोकरी लागल्यावर.

कॉलेज निवडताना सरासरी पगाराच्या आकड्यावर भाळू नका. दोघा-तिघांना मोठी पॅकेजेस मिळाली की सरासरी फुगते. मधल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला किती मिळाले आणि किती जणांना काहीच मिळालं नाही, हे विचारा. कॉलेज उत्तर द्यायला टाळाटाळ करत असेल तर ते कॉलेज यादीतून काढा.

या तीन महिन्यांत मुलीनं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिकावं, एक्सेल पक्कं करावं आणि दुकानातल्या खपणाऱ्या पन्नास औषधांचा मागोवा घ्यावा. रोज संध्याकाळी त्यातली पाच मोजायची, कॉम्प्युटरशी ताडायची, फरक निघाला तर कारण लिहायचं : बिल राहिलं, स्कीमचा माल, स्ट्रिप-खोक्याचा घोळ, बॅच चुकली, की खरोखरच माल गेला. कोणत्या कारणानं किती नग गेले आणि कोणता नियम लावल्यावर फरक कमी झाला, हे दोन पानांत मांडायचं. पुढच्या प्रत्येक मुलाखतीला ती दोन पानं सोबत न्यायची. आणि पुढचं पत्र तिनं स्वतः लिहावं, ती दोन पानं जोडून.