दर सहा महिन्यांनी फॉरमॅट मारावा का?

प्रश्न : तहसील कचेरीजवळ माझं टायपिंग-डीटीपीचं दुकान आहे. जुना संगणक, विंडोज 10. तो हँग व्हायला लागला की आमचा संगणकवाला फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकून देतो. महिनाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच रडगाणं. हे असंच करत राहायचं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही. ही विंडोज 98 आणि एक्सपीच्या जमान्यातली सवय. तेव्हा व्हायरस पेनड्राइव्हवरून दुकानोदुकानी हिंडायचे, आणि फॉरमॅटने खरंच गुण यायचा. (आम्हा दुरुस्तीवाल्यांचं पोटही त्यावर चालायचं, खोटं का बोला!)

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा आणि टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क'चा रकाना बघा. हाताने काही चालू केलेलं नसताना तो बराच वेळ 100 टक्क्यांवर अडकत असेल, तर दुखणं बहुतेक जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं आहे. एसएसडी (फिरता भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवा आणि तिच्यावर एकदाच नीट विंडोज टाका. मात्र विंडोज 10चा नेहमीचा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (संगणकातली सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर सहसा आठव्या पिढीपासून पुढचा. तुमचं मशीन त्यात बसत नसेल, तर एसएसडीवर खर्च करण्याआधी विचार करा.

फॉरमॅटआधी बॅकअप म्हणजे नुसतं डेस्कटॉप नि डॉक्युमेंट्स नव्हे. तुमच्या धंद्यात जीव अडकतो तो फॉन्टमध्ये. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला करारनामा उघडावा आणि फॉन्ट नसल्यामुळे पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसावा, समोर पक्षकार ताटकळलेला! सी ड्राइव्हमधलं विंडोजचं 'फॉन्ट्स' फोल्डर सगळेच कॉपी करतात. पण आता फॉन्टवर राइट क्लिक करून साधं 'इन्स्टॉल' केलं, तर तो युजरच्या 'ॲपडेटा'मधल्या लपलेल्या फोल्डरात जातो. तो बॅकअपमधून हमखास राहून जातो. म्हणून फॉन्टच्या मूळ फाइलींचा वेगळा संच पेनड्राइव्हवर ठेवाच. प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर हेही त्यातच.

टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) असेल तर डेटाचं फोल्डर उचला, आणि लायसन्स आधी सरेंडर करा, म्हणजे या संगणकावरून सोडवून घ्या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. त्याच संगणकात सेव्ह केलेली की ऐनवेळी कुठून काढणार?